दाबाची हवा आणि विद्यार्थ्यांचा रोबो

रोबोचा हात वर उचलायचा, चेंडू फेकायचा किंवा पकड आवळायची, तर जोर लागतो. विद्यार्थ्यांच्या रोबोत हा जोर बहुधा दोन ठिकाणांहून येतो: विजेच्या मोटरमधून किंवा दाबलेल्या हवेतून. मोटरबरोबर गिअर, ड्रायव्हर, एन्कोडर असा सगळा परिवार येतो. हवेचे काम एक सिलिंडर, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि दोन नळ्यांवर भागते. २५ मिलिमीटर व्यासाचा, मुठीत मावणारा सिलिंडर ६ बार दाबावर सुमारे २९० न्यूटन, म्हणजे जवळजवळ तीस किलो वजन उचलण्याइतका जोर लावतो, आणि तोही पापणी लवायच्या आत. स्वस्त, हलके आणि चपळ असे दुसरे साधन विद्यार्थ्यांच्या हाती सहजासहजी लागत नाही. म्हणूनच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या रोबोटिक्स क्लबमध्ये कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि टेबलावर निळ्या-काळ्या पीयू नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात.

हे क्लब ज्या रोबो-स्पर्धांसाठी राबतात, त्यांपैकी महाराष्ट्राच्या सर्वांत परिचयाची ती एबीयू रोबोकॉन. आशिया-पॅसिफिक भागातील प्रसारण संस्थांच्या संघटनेने ती २००२ मध्ये टोकियोत सुरू केली. भारतातली राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे पुण्यात भरत असे. आंतरराष्ट्रीय फेरीचे यजमानपदही पुण्याने २००८ आणि २०१४ असे दोनदा भूषवले. २००८ चा खेळ तर गोविंदांच्या दहीहंडीवरच बेतलेला होता. या स्पर्धेच्या नियमावलीत हवेबद्दल मोजकीच पण नेमकी अट असते: दाब ६०० किलोपास्कलच्या वर नको, आणि हवा साठवायची ती त्या कामासाठीच बनवलेल्या टाकीत किंवा कोऱ्या, नीट तयार केलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत. अमेरिकेत सुरू झालेल्या शालेय ‘फर्स्ट रोबोटिक्स’ स्पर्धेत साठवणीचा दाब १२० पीएसआय आणि प्रत्यक्ष वापराचा ६० पीएसआय अशा दोन वेगळ्या मर्यादा आहेत.

इथेच पहिला घोटाळा होतो, तो एककांचा. टायरवाला पीएसआयमध्ये बोलतो, वर्कशॉपमधला जुना गेज किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाखवतो, सिलिंडरच्या कॅटलॉगमध्ये बार किंवा मेगापास्कल असते आणि नियमावली किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजेच सुमारे १४.५ पीएसआय, आणि वर्कशॉपमध्ये ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात ते जवळपास तेवढेच. ६ बार म्हणजे ८७ पीएसआय. ‘सहा भर’ असे कुणी तोंडी सांगितले तर ऐकणाऱ्याने सहा काय, हे विचारले पाहिजे. क्लबने एकच एकक ठरवावे, सर्व गेज त्याच एककाचे घ्यावेत आणि चालू मर्यादेवर तबकडीच्या काचेवर लाल रेघ ओढावी. गेजवरचा शून्य म्हणजे निर्वात नव्हे, तर बाहेरच्या वातावरणाइतका दाब, हेही लक्षात ठेवायला हवे. काटा ६ वर असतो तेव्हा आतला खरा दाब ७ बार असतो आणि हवेच्या आकारमानाची आणि तापमानाची गणिते या सातवर करायची असतात.

दाबलेली हवा धोकादायक का, याचे उत्तर तिच्या लवचीकपणात आहे. दोन लिटरच्या बाटलीत ६ बार दाबाने हवा भरली आणि ती बाटली एकदम फुटली, तर ती हवा प्रसरण पावताना ढोबळमानाने ९०० ते १५०० जूल ऊर्जा बाहेर टाकते. सिमेंटचे पन्नास किलोचे पोते दोन ते तीन मीटर उंचीवरून खाली यावे, तेवढी ही ऊर्जा. त्याच बाटलीत हवेऐवजी काठोकाठ पाणी भरून तोच दाब दिला तर पाण्यात साठणारी ऊर्जा एक जूलचीही नसते, कारण पाणी जवळपास दबतच नाही. फुटली तरी बाटली भिजवते, इजा करत नाही. टाकीची परीक्षा नेहमी पाण्याने घ्यायची, हवेने नाही, हा नियम या एवढ्या फरकावर उभा आहे.

हवेचा पुरवठा सुरक्षित आहे असे म्हणायला दोन गोष्टी पुऱ्या व्हाव्या लागतात. कुठलाही एक भाग बिघडला तरी दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. आणि माणसाचा हात यंत्राजवळ जाण्याआधी ती हवा पूर्ण निघून जायला हवी, तीही सहज. पहिल्या गोष्टीकडे बरेच क्लब लक्ष देतात. दुसरी मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही आणि बोटे चेंगरण्याचे प्रसंग तिथेच घडतात.

सुरुवात कॉम्प्रेसरपासून. वर्कशॉपचा एक अश्वशक्तीचा पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण शंभर लिटरच्या आसपास मोकळी हवा ओढतो. तो टाकी भरतो आणि प्रेशर स्विच त्याला ठरलेल्या दाबाला, समजा ८ बारला, थांबवतो. दाब उतरला की पुन्हा चालू करतो. हा स्विच अडकला तर मोटर थांबत नाही. तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडावा लागतो आणि कॉम्प्रेसर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी त्याने बाहेर सोडावी लागते. म्हणून टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाही कॉक कधीही बसवायचा नाही. कधी कधी हा व्हॉल्व्ह फुसफुसत राहतो आणि आवाजाला कंटाळून कुणीतरी त्याचा स्क्रू आवळतो किंवा तिथे प्लग ठोकतो. असे करणे म्हणजे कॉम्प्रेसरचा शेवटचा राखणदार काढून टाकणे. फुसफुसणारा व्हॉल्व्ह बदलायचा असतो. तो मोकळा आहे ना, हे कडी ओढून अधूनमधून पाहायचे, आणि पाहताना तोंड बाजूला ठेवायचे.

कॉम्प्रेसर फक्त रोबोसाठीच असेल तर आणखी एक सोपा उपाय आहे. रोबोला ६ बार लागत असताना टाकी १० बारपर्यंत भरून ठेवण्यात काहीच मिळत नाही. जाणकार तंत्रज्ञाकडून स्विच ७ बारवर बसवून घेतला तर पुढे रेग्युलेटर बिघडला तरी बाटलीवर येणारे संकट मुळातच लहान होते. धोका अडवण्यासाठी यंत्रणा उभी करण्याआधी तो उगमाशीच कमी करता येतो का, हे पाहणे कधीही चांगले.

हवेबरोबर पाणी येते, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ते भरपूर येते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ती हवा ६ बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर आली की तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम बाष्प मावते. उरलेले २० ग्रॅम, म्हणजे चार चहाचे चमचे पाणी, टाकीच्या तळाशी जमते. जुलैतल्या एखाद्या सरावाच्या दिवसानंतर टाकीखालचा ड्रेन कॉक हळूच उघडला, तर आधी गढूळ, तांबूस पाणी थुंकत बाहेर येते, मग तेलकट फेस, आणि शेवटी कोरडी हवा शिट्टी वाजवू लागते. तो तांबूस रंग टाकीच्या आतल्या गंजाचा असतो. रोज पाणी काढले नाही तर पत्रा आतून झिजत जातो आणि बाहेरून टाकी नव्यासारखी रंगवलेली दिसत राहते. जुन्या बाजारातून टाकी घेताना या आतल्या झिजेचा अंदाज कुणालाच येत नाही. तपासणी झाल्याशिवाय अशी टाकी वापरू नये. अग्निशामकाच्या नळकांड्याची, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरची किंवा घरी वेल्डिंग करून बनवलेल्या पाइपची टाकी तर नकोच. वेल्डिंगची शिवण वरून गुळगुळीत दिसली तरी आत काय आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

टाकीतून निघालेली हवा आधी फिल्टरमधून आणि मग रेग्युलेटरमधून जावी. रेग्युलेटर जास्तीचा दाब बाहेर सोडणारा, म्हणजे रिलीव्हिंग प्रकारचा असावा. नाहीतर नॉब सैल केला तरी पुढच्या नळीतला दाब तसाच राहतो. रेग्युलेटर दाब राखतो, पण त्याला सुरक्षेचे साधन मानू नये. त्याच्या सीटवर कचरा बसला की हवा थेंबाथेंबाने झिरपते आणि तासाभरात पुढचा दाब टाकीच्या दाबाइतका होऊ शकतो. म्हणून रेग्युलेटरच्या पुढे ६.५ बारच्या आसपास उघडणारा दुसरा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. बाजारात तो महाग नाही, पण क्लबच्या खरेदीच्या यादीत तो क्वचितच आढळतो.

नळ्यांच्या बाबतीत एक मनाई ठळकपणे सांगावी लागते. नळकामातला पांढरा पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप हवेसाठी वापरू नये. त्यावर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पीव्हीसी काळाबरोबर, उन्हाने आणि कॉम्प्रेसरच्या तेलाने ठिसूळ होतो, आणि आत हवा असताना फुटला तर काचेसारखे धारदार तुकडे उडवतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने याविषयी १९८८ मध्येच इशारा दिला होता. तरीही तो पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, सोल्युशन लावून दोन मिनिटांत चिकटतो आणि टाकी म्हणून सुबक दिसतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना त्याचा मोह पडतोच. भिंतीवरची कायमची लाइन जीआय, तांबे किंवा हवेसाठीच बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियम पाइपची करावी. रोबोवर पीयू नळी आणि पुश-इन कनेक्टर पुरतात. नळी तिरकी कापली तर कनेक्टरमध्ये नीट बसत नाही आणि दाब आल्यावर निसटते. निसटलेली नळी सापासारखी फटकारे मारते. तिचे टोक डोळ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून कात्रीने नव्हे, नळी कापायच्या कटरने सरळ छेद घ्यावा आणि बसवल्यावर एकदा ओढून पाहावे.

आता बाटली. स्पर्धेत तिला परवानगी आहे आणि वजन वाचते म्हणून ती लोकप्रिय आहे. त्यामुळे तिच्याविषयी सविस्तर बोलणे भाग आहे. शीतपेयाची दोन लिटरची पीईटी बाटली मुळात दाबासाठीच घडवलेली असते, कारण आतल्या वायूचा दाब उन्हाळ्यात सहज ४-५ बारच्या पुढे जातो. तिच्या तळाला पाच पाकळ्यांसारखे फुगवटे असतात. ते दाब पेलण्यासाठीच. साध्या पाण्याची सपाट तळाची, पातळ बाटली तशी नसते आणि ती या कामाला चालत नाही. चांगली, कोरी सोड्याची बाटली साधारण १० बारच्या आसपास फुटते. म्हणजे ६ बारवर वापरताना हाताशी दुपटीचीही शिल्लक राहत नाही. लोखंडी टाकी घडवताना याहून कितीतरी मोठी शिल्लक ठेवलेली असते. शिवाय बाटलीची ताकद रोज कमी होते: खरवडल्याने, उन्हाने, वारंवार भरून रिकामी केल्याने आणि सर्वांत जास्त उष्णतेने. पीईटी ७० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या टेम्पोत भरलेली बाटली ३० वरून ६० अंशांवर गेली, तर गेजवरचा दाब ६ वरून सुमारे ६.७ होतो आणि त्याच वेळी तिची भिंत नरम झालेली असते. प्रवासात बाटल्या रिकाम्याच न्याव्यात.

पीईटीचे एक बरे आहे: पीव्हीसीसारखी ती तडकत नाही, फाटते. तुकडे कमी उडतात. पण बूच आणि त्यात बसवलेला धातूचा कनेक्टर मात्र बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. बुचाला भोक पाडून आतून रबरी वॉशर आणि नट लावून कनेक्टर आवळला, तर जोड दाबानेच आणखी घट्ट बसतो. नुसत्या इपॉक्सीच्या गोळ्यावर भरवसा ठेवला तर तोच दाब जोड उखडायला लागतो. बाटलीभोवती चिकटपट्टीचे थर गुंडाळण्याचीही पद्धत आहे. त्याने ताकद वाढते असे वाटते. खरे तर चिरा आणि पांढरे पडलेले पट्टे त्याखाली झाकले जातात. त्यापेक्षा रोबोवर बाटलीला जाळीचे किंवा पत्र्याचे आवरण द्यावे आणि बूच कुणाच्याही तोंडाकडे नव्हे, तर चौकटीच्या आतल्या बाजूला वळवावे.

नवी खेप आली की त्यातल्या दोन-तीन बाटल्या पाण्याने फोडून पाहाव्यात. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही, हातपंपाने दाब वाढवत न्यायचा आणि कुठे फुटते ते लिहून ठेवायचे. उरलेल्या बाटल्यांना ८ बारपर्यंत पाण्याचा दाब देऊन एक-दोन मिनिटे थांबायचे. जिचा आकार बदलला, जिचा तळ बाहेर आला किंवा जिच्यावर पांढरी रेघ उमटली ती बाद. पास झालेल्या बाटलीवर कायम शाईने क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि स्पर्धेचा हंगाम संपला की ती पास असो-नसो, भोसकून भंगारात द्यावी. नाहीतर पुढच्या वर्षीच्या पोरांना ती कपाटात सापडते आणि ते ती वापरतात.

बाटली भरण्याची जागा ठरलेली असावी, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, एका कोपऱ्यात, पुढे पत्र्याचा किंवा जाड पॉलिकार्बोनेटचा आडोसा. अ‍ॅक्रिलिकचा नको, ते स्वतःच तडकते. बाटली आडोशामागे, गेज आणि व्हॉल्व्ह अलीकडे. भरणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल. सुरुवातीला रेग्युलेटरचा नॉब पूर्ण सैल. मग बॉल व्हॉल्व्ह उघडायचा आणि नॉब पाव-पाव फेरा आवळायचा. काटा १ वर आला की थांबायचे आणि कान द्यायचा. मोठी गळती आवाजानेच कळते. ३ वर पुन्हा थांबून लांब नळीच्या फवाऱ्याने जोडांवर साबणाचे पाणी मारायचे. गळत असेल तिथे आधी एक बारीक बुडबुडा उठतो, मग त्याचा पुंजका होतो आणि बघता बघता कोबीच्या गड्ड्याएवढा फेस फुगतो. त्या क्षणी पाना घेऊन जोड आवळावासा वाटतो. पण दाबाखाली असलेला जोड कधीही आवळायचा नाही. हवा सोडायची, काटा शून्यावर आणायचा, मग आवळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून भरायचे. ६ वर पोहोचल्यावर पुरवठा बंद केला की दोन-तीन मिनिटांत काटा थोडा खाली येतो. ती गळती नव्हे. भरताना तापलेली हवा निवत असते. त्यानंतर दहा मिनिटे काटा जागचा हलला नाही तर भरणे नीट झाले.

किती बाटल्या लागतील हे आधी कागदावर काढता येते. २५ मिलिमीटर व्यासाचा, २०० मिलिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर ४ बारवर एकदा बाहेर जाऊन परत येतो तेव्हा सुमारे ०.९ लिटर मोकळी हवा खातो. दोन लिटरच्या बाटलीतला दाब ६ वरून ४ बारपर्यंत उतरेतो तिच्यातून ४ लिटर मोकळी हवा मिळते. म्हणजे एका बाटलीत जेमतेम चार फेऱ्या. हा हिशेब न करता सराव सुरू झाला की हवा कमी पडते आणि ‘जरा सात-आठ बार भरू’ अशी सूचना येते. कमी पडणाऱ्या हवेवर उत्तर म्हणजे आणखी एक बाटली, छोटा सिलिंडर किंवा परतीच्या स्ट्रोकला कमी दाब. दाब वाढवणे हे उत्तर नाही. सरावाच्या वेळी तर बाटलीची गरजच नसते. वर्कशॉपच्या लाइनवरून रेग्युलेटरमार्फत लांब नळी घेऊन रोबो चालवावा आणि बाटल्या फक्त स्पर्धेआधीच्या तालमींसाठी ठेवाव्यात. यामुळे बाटल्यांचे आयुष्य वाढते आणि दाबाची मोठी साठवण माणसांपासून दूर राहते.

रोबोवरच्या हवेचा सर्वांत फसवा भाग म्हणजे लाल बटण. प्रत्येक रोबोवर आपत्कालीन थांबा असतो आणि तो दाबला की वीज जाते. मोटरसाठी तेवढे बहुतांशी पुरते. हवेसाठी नाही. वीज गेल्यावर सिलिंडर काय करील हे व्हॉल्व्हच्या जातीवर ठरते. एका कॉइलचा, स्प्रिंगने परतणारा व्हॉल्व्ह असेल तर वीज जाताच तो मूळ जागी येतो आणि दांडा पूर्ण जोराने मागे फिरतो. म्हणजे थांबण्याचे बटण दाबल्यामुळेच हालचाल घडते. दोन कॉइलचा असेल तर तो शेवटच्या जागीच राहतो आणि दट्ट्यामागे तीस किलोचा जोर तसाच दबा धरून बसतो. मधल्या स्थितीत दोन्ही बाजू मोकळ्या करणारा व्हॉल्व्ह असेल तर हवा निघून जाते, पण वर उचललेला हात आपल्या वजनाने खाली आदळतो. यातला कुठलाही व्हॉल्व्ह चुकीचा नाही. मात्र आपल्या रोबोत वीज जाते तेव्हा नेमके काय होते, हे प्रत्येक सदस्याला माहीत असायला हवे, आणि ते कमी दाबावर, रोबो टेबलावर बांधून, प्रत्यक्ष करून पाहायला हवे.

यावर चांगली रचना अशी: साठवण टाकीनंतर लगेच एक तीन तोंडांचा डंप व्हॉल्व्ह बसवायचा आणि त्याची वीज लाल बटणातून न्यायची. वीज असताना तो हवा पुढे सोडतो. वीज गेली की टाकी बंद करतो आणि पुढच्या सगळ्या नळ्या व सिलिंडर सायलेन्सरमधून रिकामे करतो. जोडीला हाताने सरकवायचा तसाच एक व्हॉल्व्ह. साध्या बॉल व्हॉल्व्हने हे काम होत नाही, कारण तो पुरवठा तोडतो पण पुढची हवा नळीत अडकवून ठेवतो. उचलून धरलेल्या हातांना पिन किंवा टेकू द्यावा. टाकीतली हवा मात्र डंपने जात नाही. तिच्यासाठी वेगळा कॉक लागतो आणि शेवटी काटा शून्यावर दिसावा लागतो.

रिकाम्या यंत्रणेत पुन्हा हवा सोडतानाही एक गोष्ट अनपेक्षित घडते. सिलिंडरचा वेग साधारणपणे बाहेर जाणारी हवा चिंचोळ्या वाटेने सोडून आवरलेला असतो. पण दुसऱ्या बाजूला हवाच नसेल तर आवरायला काहीच उरत नाही आणि पहिला स्ट्रोक सुसाट सुटतो. रोज व्यवस्थित चालणारा हात जेवणाच्या सुट्टीनंतर एकदम का उसळला, याचे कोडे बहुधा इथे सुटते. म्हणून पहिली हवा नेहमी सर्वांना दूर करून, मोठ्याने ‘हवा सोडतोय’ असे सांगून आणि १ ते २ बारपासून चढवत द्यावी. नवा रोबो तर पहिले काही दिवस २ बारवरच चालवावा. रचनेतल्या चुका २ बारवरही दिसतात, फक्त त्या वेळी त्या हाड मोडत नाहीत.

शरीराशी हवेचा संबंध येऊ देऊ नये. कपड्यांवरचा भुसा किंवा टेबलावरचा कीस नळीने उडवण्याची सवय वर्कशॉपमध्ये सर्रास दिसते. कीस डोळ्यात जातो. जखमेतून किंवा त्वचेतून आत शिरलेली हवा रक्तवाहिनीत बुडबुडा करू शकते, कानाजवळ सोडलेली हवा पडदा फाडते. आणि मस्करीत हवेची नळी दुसऱ्याच्या शरीराला लावण्याच्या प्रकारात आपल्या देशात माणसे आतडे फुटून दगावली आहेत. याला खोडी म्हणून कुठेही माफी असू नये. हवा आत गेल्याची शंका आली तर वरची जखम कितीही लहान दिसो, थेट रुग्णालयात न्यावे.

कॉम्प्रेसर नाही म्हणून दुसरा वायू वापरण्याची कल्पनाही अधूनमधून पुढे येते. वेल्डिंगचा ऑक्सिजन तर मुळीच नको: तेलाचा अंश असलेल्या सिलिंडरमध्ये दाबाचा ऑक्सिजन गेला की तेल पेट घेते आणि स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये साध्या तापमानालाही दाब ५० बारहून अधिक असतो, पाणबुड्यांच्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास. ६ बारच्या रोबोमागे असा स्रोत लावणे म्हणजे एका रेग्युलेटरच्या भरवशावर सगळ्यांचा जीव टांगणे. अशा सिलिंडरचे नियमन करणारी केंद्र सरकारची संस्था, पेसो, हिचे मुख्यालय नागपुरात आहे आणि २०१६ चे गॅस सिलिंडर नियम तिच्या अखत्यारीत येतात. विद्यार्थ्यांनी हे सिलिंडर स्वतः भरणे किंवा त्यांत फेरफार करणे या नियमांत बसत नाही.

या सगळ्यात पैशाचा भाग फार मोठा नाही. हवेसाठीच बनवलेली छोटी प्रमाणित टाकी, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, एक डंप व्हॉल्व्ह, चार गॉगल आणि आडोशाचा पत्रा, एवढाच खर्च आहे, आणि तो एका चांगल्या मोटरच्या संचापेक्षा फारसा वेगळा नसतो. पण क्लबची खरेदी बहुधा मुलांच्या वर्गणीतून होते आणि वर्गणी तोकडी पडली की पहिली काट याच वस्तूंवर बसते. महाविद्यालयांना आणि शाळांना विनंती एवढीच की, रोबो मुलांनी बांधावा, पण हवेचा पुरवठा संस्थेने आपल्या खात्यातून उभा करून द्यावा, आणि त्याची वर्षातून एकदा तपासणी करून घेण्याची जबाबदारी एका शिक्षकाच्या नावावर लिहून ठेवावी.